छताचा पंखा आणि वीजतंत्र्याची निवड

फाल्गुन सरत आला की घरोघरी, शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत छताच्या पंख्यांची आठवण होते. कुरकुरणारे पंखे दुरुस्तीला निघतात, नव्यांची खरेदी होते आणि गावात 'वायरीचे काम जाणणारा' जो कोणी असेल त्याला बोलावणे जाते. हे काम किरकोळ समजण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्यात दोन जोखमी एकत्र आलेल्या असतात. चार-पाच किलो वजनाची फिरती वस्तू माणसांच्या डोक्यावर टांगायची असते आणि तिला २३० व्होल्ट दाबाची वीज जोडायची असते. वर्गातील पंख्याखाली तर मुले रोज पाच-सहा तास बसतात. म्हणूनच हे काम कोणाला द्यावे व ते कसे करून घ्यावे, याची माहिती काम सांगणाऱ्यालाही असणे आवश्यक आहे.

नियमाची मर्यादारेषा

वीज मांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे, असे बंधन १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व त्यानंतरच्या २०२३ च्या विनियमांतही ते कायम राहिले. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच केवळ बदलणे, म्हणजे मांडणीची क्षमता अथवा स्वरूप न बदलता जुन्याच्या जागी नवा बसविणे, एवढीच त्यातून सूट आहे.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. जुना पंखा उतरवून त्याच जागी दुसरा लावणे सवलतीत बसते. परंतु वर्गात नवा पॉइंट काढणे किंवा नवी वायर ओढणे सवलतीत बसत नाही. अशी कामे परवानाधारक ठेकेदाराकडेच गेली पाहिजेत. तसेच सवलत नियमातून आहे, धोक्यातून नाही, हेही विसरता कामा नये.

कोणाला बोलवावे?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. ते पूर्ण केलेला तरुण बहुधा पंचक्रोशीत मिळतो. मात्र संस्थेचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी होत. सार्वजनिक इमारतीच्या कामासाठी परवाना पाहून त्याचा क्रमांक व मुदत नोंदवून ठेवावी. वीज कंपनीच्या लाइनमनला घरातील वा शाळेतील कामासाठी गळ घालू नये. मीटरनंतरच्या मांडणीची जबाबदारी ग्राहकाची असते.

दोष कोणता, खर्च किती?

वीजतंत्री येण्यापूर्वी पंख्याची लक्षणे लिहून ठेवल्यास निष्कारण खर्च टळतो. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा काठीने ढोसल्यावर सुरू होतो, तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. सर्वसाधारण पंख्यात तो अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा, अल्प किमतीचा भाग असतो. खरखर येत असेल तर बेअरिंग तपासावे. पंखा डोलत असेल तर पाती वाकली आहेत काय अथवा स्क्रू सैल आहेत काय, हे पाहावे. जळका वास येत असेल किंवा हात लावताच झटका बसत असेल तर मेन स्विच बंद करून पंख्याचा वापर तत्काळ थांबवावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

नवा पंखा घेताना त्यावरील तारांकन पाहावे. छताच्या पंख्यांना ते जानेवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. दहा पंखे रोज सहा तास चालल्यास वीजवापर साडेचार युनिटांवरून १.८ युनिटांवर येतो. अशा पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, ही गोष्ट जोडणीपूर्वीच वीजतंत्र्याशी बोलून घ्यावी.

काम चालू असताना

प्रथम मेन स्विच किंवा संबंधित एमसीबी बंद करावा आणि तो कोणी चालू करू नये म्हणून तेथे एका व्यक्तीस उभे करावे. केवळ पंख्याचे बटण बंद करणे पुरेसे नाही. चुकीच्या जोडणीत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो. तेव्हा बटण बंद असूनही पंख्यात वीज खेळत राहते. अशी जोडणी आढळल्यास ती त्याच वेळी सुधारून घ्यावी.

त्यानंतर टांगणी तपासावी. स्लॅबमधील हूक गंजलेला किंवा झिजलेला नसावा. कौलारू इमारतीत तुळईला वाळवी लागली आहे काय, हे ठोकून पाहावे. दांडीच्या बोल्टमधील स्प्लिट पिन हा दोन रुपयांच्या मोलाचा वाटणारा भाग पंख्याला तोलून धरतो; नट सैल झाला तरी बोल्ट निसटू नये म्हणून तो असतो. त्याच्या जागी खिळा किंवा तार वापरू देऊ नये. पाती जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच असावीत. पंख्याला अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच पाहिजे. ती 'उगाच' म्हणून कापून टाकण्याची सवय घातक आहे. मांडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्यास गळती होताच पुरवठा खंडित होतो.

काम संपल्यावर

पंखा सर्वाधिक वेगावर पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावा, नंतरच पैसे द्यावेत. पावतीवर बदललेल्या भागांची नोंद घ्यावी. शाळा व पंचायतींनी प्रत्येक पंख्याला क्रमांक देऊन बसविल्याची व तपासणीची तारीख नोंदवहीत लिहावी आणि जूनमध्ये वर्ग भरण्यापूर्वी हूक, पिना व जोडण्या एकदा तपासून घ्याव्यात. विजेमुळे अपघात घडल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ अन्वये त्याची सूचना विद्युत निरीक्षकाकडे जाते व चौकशी होते. परंतु चौकशीने गेलेला जीव परत येत नाही. कमी दराचे काम स्वीकारताना पंख्याखाली कोण बसणार आहे, याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने व पंचायत सदस्याने अवश्य करावा.