दगडाचा पत्ता

धनत्रयोदशी जवळ आली की तळोद्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या गाड्या पोरांनी भरून जातात. अस्तंभ्याची यात्रा असते. अश्वत्थामा चिरंजीव आहे, कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून डोंगरात तेल मागत फिरतो, असं आमच्या भागात सांगतात. कॉलेजात असताना मीही ती चढण चढलो. अश्वत्थामा भेटला नाही, पण उतरताना पायाखाली एक दगड आला. काळ्या दगडात पांढऱ्या बरगड्यांचा पंखा, मधोमध जाड कणा. भूगोलाच्या पुस्तकातलं ट्रायलोबाइटचं चित्र डोक्यात ताजं होतं. पन्नास कोटी वर्षांचा समुद्रकिडा खिशात घेऊन मी घरी आलो, आणि पुढची दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला.

मग भूशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी तो हातात घेतला, भिंगही न लावता परत दिला आणि विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, "अस्तंभा." ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

तो झिओलाइट होता. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे त्यांत पाणी झिरपून सुयांसारखे स्फटिक वाढतात. असा पांढरे डाग पडलेला दगड विहिरीत लागला की खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. माझा किडा म्हणजे मांजऱ्यातली एक फोडलेली पोकळी. पण प्राध्यापकांनी दगड फारसा न बघता नुसता पत्ता ऐकून निकाल दिला होता, आणि ट्रायलोबाइट गोळा करण्यातली पहिली अक्कल तीच आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आमचा नंदुरबार जिल्हा जवळजवळ सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. हा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास थरावर थर पसरत गेला. नंदुरबारहून धुळ्याकडे जाताना शेतांतून सरळ रेषेत पळणाऱ्या बुटक्या टेकड्या दिसतात; कुणी राजाने तट बांधून अर्धवट सोडल्यासारख्या. जमिनीला पडलेल्या भेगांत लाव्हा गोठून उभ्या राहिलेल्या त्या भिंती. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद आहे, आणि साक्री-धुळे-पारोळा अशी जाणारी एक तर जवळपास ८० किलोमीटर लांब आहे. ट्रायलोबाइट जगले साधारण ५२ कोटी ते २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या काळात. म्हणजे आमचा पहिला दगड जन्मला तेव्हा शेवटचा ट्रायलोबाइट मरून १८ कोटींहून अधिक वर्षं झाली होती. शिवाय तो राहायचा समुद्रात, आणि आमचा दगड आला आगीतून.

समुद्र मात्र आमच्यापासून फार लांब नव्हता. नर्मदेच्या पलीकडे, धार जिल्ह्यातलं बाघ हे गाव आपल्याला गुंफांसाठी आणि कापडावरच्या छपाईसाठी माहीत असतं. तिथल्या चुनखडीत शिंपले, समुद्री साळू, गुंडाळलेल्या शिंगासारखे अमोनाइट सापडतात. लाव्हा येण्याआधी, क्रिटेशियस काळात, समुद्राचा एक हात नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याची ही खूण. त्याच भागातल्या पाडल्या गावात लोक गोल दगडांना काकर भैरव म्हणून पुजत; शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. ते दगड डायनोसॉरची अंडी असल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दगड साधा नाही हे गावाने आधीच ओळखलं होतं. पण बाघच्या समुद्रातही ट्रायलोबाइट नाही. तोही उशिराचा समुद्र.

मग हा प्राणी होता कसा? नावातच तीन पाळ्या आहेत, पण गल्लत इथेच होते. डोकं, धड आणि शेपूट हे तीन भाग आडवे. नावातल्या तीन पाळ्या उभ्या. मधला उंचवटा, त्याच्या डाव्या-उजव्या दोन पाख्या. खेकडा, विंचू, कोळंबी यांचा हा संधिपाद भाऊबंद. खेकड्यासारखीच तो कात टाकायचा, त्यामुळे संग्रहातले कितीतरी ट्रायलोबाइट मेलेले प्राणी नसून टाकून दिलेले अंगरखे असतात. धोका दिसला की पावसाळ्यातल्या वाणी किड्यासारखा गोल वळायचा. तसे वळलेले जीवाश्मही मिळतात. डोळ्यांची भिंगं कॅल्साइटची, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची असते त्याचीच. काही जाती पूर्ण आंधळ्या. वीस हजारांहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत. काही मिलिमीटरच्या, तर कॅनडातल्या चर्चिलजवळ सापडलेला इसोटेलस रेक्स ७२ सेंटिमीटरचा.

त्यांचा शेवट सायबेरियात उफाळलेल्या लाव्हाच्या काळात झाला. तोवर तसे ते थोडेच उरले होते. हवा आणि समुद्र बिघडवणारा तो लाव्हा म्हणजे आमच्या काळ्या पाषाणाचा थोरला चुलता म्हणायला हरकत नाही. ज्वालामुखीने एकदा त्यांच्यावर उपकारही केले आहेत. मोरोक्कोत राखेत क्षणात गाडले गेलेले ट्रायलोबाइट २०२४ मध्ये जगासमोर आले. त्यांचे पाय, तोंडाजवळचे अवयव, आतडंसुद्धा शाबूत, तेही चपटं न होता.

भारतात ट्रायलोबाइट आहेत ते हिमालयात. स्पितीच्या पाराहिओ खोऱ्यातले कँब्रियन, म्हणजे ट्रायलोबाइटच्या सुरुवातीच्या काळातले, थर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूशास्त्रज्ञ हेडन यांनी तपासले आणि तिथल्या जीवाश्मांचं वर्णन जीवाश्मतज्ज्ञ रीड यांनी १९१० मध्ये छापलं. काश्मीरचे थर उलगडले दाराशा नौशेरवान वाडियांनी. सुरतेत जन्मलेला हा पारशी माणूस जम्मूच्या कॉलेजात शिकवता शिकवता सुट्टीत डोंगर पालथे घालायचा. त्यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांवरचा रीड यांचा ग्रंथ १९३४ चा. स्पितीला फिरायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं: बघा, फोटो काढा, हातोडा घरी ठेवा. जागेवरून उचललेल्या दगडाचा थर हरवतो, आणि तो पुन्हा कुणालाच सापडत नाही.

ज्याला संग्रहच करायचा आहे त्याच्यासमोर बाजार आहे, आणि बाजार म्हणजे मुख्यतः मोरोक्को. अल्निफ, एर्फूद या गावांकडचे लोक कठीण चुनखडी फोडतात. फुटलेल्या कडेवर कवचाची रेघ दिसली की दोन्ही तुकडे चिकटवतात आणि मग बारीक सुईने, वाळूच्या फवाऱ्याने दिवसचे दिवस दगड उतरवत प्राणी मोकळा करतात. म्हणून अस्सल मोरोक्कन नगाच्या अंगावरून, दगडासकट, भेग गेलेली असते. नवखा गिऱ्हाईक त्या भेगेला खोट समजतो आणि गुळगुळीत, निर्दोष नग उचलतो. तो बहुधा राळेत दगडाची भुकटी कालवून साच्यातून काढलेला असतो. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, प्राणी आणि पाठचा दगड एकाच पोताचे दिसतात, अतिनील दिव्याखाली राळ वेगळी चमकते. फॅकॉप्स जातीच्या ट्रायलोबाइटमध्ये डोळ्याचं प्रत्येक भिंग सुटं मोजता यायला हवं. साच्यात तिथे नुसता खडबडीतपणा उतरतो. मीही एकदा एक नग मागवला होता. आठवड्याने त्याच विक्रेत्याकडे दुसरा दिसला, डाव्या काट्यावरच्या टवक्यासकट तोच.

नकलेची ज्याला धास्ती वाटते त्याने अमेरिकेतल्या यूटाचा एल्रेथिया किंगाय घ्यावा. तो इतका मुबलक आहे की नक्कल परवडत नाही. तिथे पैसे भरून स्वतः पाटी फोडायची खाणही आहे. मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आजोबांनी मॉल सोडून तिथे जावं. तिथले युट आदिवासी हा किडा भोक पाडून गळ्यात घालत, अंगाची राखण म्हणून. काकर भैरवाचीच आठवण झाली मला.

पण सगळ्यात मोठी फसवणूक राळेची नव्हती. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो निबंध छापले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की यांतले काही जीवाश्म हिमालयातले नाहीतच. त्यांतले अमोनॉइड, म्हणजे अमोनाइटचे भाऊबंद, तर एर्फूदकडून येऊन दुकानांत विकले जाणाऱ्या नगांसारखे हुबेहूब आहेत. विद्यापीठाच्या चौकशीतही गुप्ता दोषी ठरले. इथे दगड अस्सल होते. खोटा होता तो पत्ता, आणि त्यावर रचलेला हिमालयाचा भूगोल अनेक वर्षं इतरांच्या लेखांत झिरपत राहिला. राळेचा किडा एका गिऱ्हाइकाला फसवतो. हा प्रकार त्याहून वाईट.

चुकीत आणि लबाडीत फरक करायला हवा, म्हणून भीमबेटकाही सांगतो. तिथल्या गुहेच्या छताला २०२१ मध्ये डिकिन्सोनिया हा ट्रायलोबाइटच्याही आधीचा जीव दिसल्याचं जाहीर झालं. २०२३ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. त्या शास्त्रज्ञांनी ते मान्यही केलं. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या अस्तंभ्याच्या दगडाची लाज वाटेनाशी झाली.

तो दगड अजून कपाटात आहे. शेजारी भेग गेलेला एक मोरोक्कन फॅकॉप्स आहे. त्याच्या चिठ्ठीवर गाव, थर आणि काळ लिहिलेला आहे, मी विचारून घेतलेला. शेजारच्या शेतात विहिरीला सुरुंग लावला की शेतकरी फोन करतो, "या सर, मांजऱ्या लागलाय." मी जातो, आणि आणलेल्या प्रत्येक गारगोटीखाली गाव, विहीर, किती हातांवर लागली ते लिहितो. अस्तंभ्याच्या दगडाखालची चिठ्ठी मात्र उशिरा लिहिली. "झिओलाइट. अस्तंभा, उतरणीची वाट." जागा नेमकी कुठली, हे आता आठवत नाही.