धात्रीफळ आणि बुरशी

दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच कार्तिक शुद्ध नवमी येते आणि आवळीच्या झाडाखाली पंगती बसतात. संस्कृतात आवळ्याला ‘धात्री’ म्हणतात; धात्री म्हणजे दाई, माऊली. ही माऊली आपल्याला कितपत सांभाळते, हे जरा रसायनशास्त्राला विचारून पाहू या.

चिरलेले सफरचंद तांबूस पडते, जुने तेल खवट होते. ही हवेतील प्राणवायूची करणी. शरीरातही अशीच क्रिया अखंड चालते आणि तीतून काही अस्थिर, चळवळे रेणू निर्माण होतात. त्यांना आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. ‘क’ जीवनसत्त्व त्यांपैकीच एक. ते वेगळे काढणाऱ्या सेंट-ग्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आवळ्यात ते विपुल आहे. शिवाय तुरटपणा आणणारी टॅनिने आहेत.

बुरशीचे प्रकरण मात्र निराळे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बुरशी वाढवतात, तीत अर्क ठेवतात आणि भोवतालचे बुरशी न उगवलेले वर्तुळ मिलिमीटरांत मोजतात. आवळ्याच्या अर्काने काही बुरशी अशा रोखल्या गेल्या आहेत. परंतु अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, एवढ्यानेही निकाल बदलतो. आणि बशी म्हणजे काही माणसाची कातडी नव्हे!

बुरशीची पेशी आपल्या पेशीशी पुष्कळ मिळतीजुळती असते. म्हणून तिला मारील पण आपल्याला दुखवणार नाही, असे औषध मिळणे कठीण. हेझन आणि ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनी १९५० साली पुढे आणलेले निस्टॅटिन बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलवर घाला घालते. माणसाच्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते.

मग मोरावळा वर्षभर टिकतो कसा? गृहिणींना उत्तर ठाऊक आहे. पाक कच्चा राहिला किंवा बरणीत ओला चमचा गेला, की आवळा असूनही बुरशी धरते. राखण मुख्यतः साखरेची. घट्ट पाक बुरशीला पाणीच मिळू देत नाही.

तेव्हा आवळा अवश्य खावा. पण नायटा झाला तर त्यावर रस चोळत आठवडे घालवू नयेत. तेवढ्यात तो घरभर पसरतो. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम तर खाज थांबवून रोग वाढवते. डॉक्टरांना दाखवावे आणि औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. आवळा देऊन कोहळा काढण्याची युक्ती व्यवहारात साधत असेल, नायट्यापुढे ती चालत नाही.