गच्चीची हमी कागदावर, गळती घरात
वॉटरप्रूफिंगच्या कामापूर्वी करारात काय असावे?

कोल्हापूर - वळवाच्या पहिल्या सरीबरोबर शहरातील घरमालकांना गच्चीची आठवण होते आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्या ठेकेदारांची एकच धांदल उडते. राजारामपुरीतील बंगला असो वा ताराबाई पार्कातील अपार्टमेंट, व्यवहाराची रीत बहुधा सारखीच. गच्ची पाहायची, चौरस फुटाचा दर ठरवायचा, निम्मी रक्कम उचल म्हणून द्यायची आणि शेवटी लेटरहेडवर 'दहा वर्षांची गॅरंटी' अशी एक ओळ लिहून घ्यायची. पुढच्या श्रावणात छताला पोपडे धरले, की या एका ओळीत नेमके काय लिहिले होते, याचा शोध सुरू होतो. बहुतेकदा त्यात काहीच लिहिलेले नसते.

वीजकामाच्या ठेकेदाराला शासनाचा परवाना लागतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तसा परवाना नाही. त्यामुळे घरमालकाचे संरक्षण मुख्यतः करारावरच अवलंबून राहते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही ग्राह्य असतो. पण तो सिद्ध करणे अवघड जाते. लेखी करारासाठी मुद्रांक वापरायचा झाल्यास राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. दीड-दोन लाखांच्या कामात हा खर्च मोठा नव्हे.

हमी कोणाची, कशाची?

'गॅरंटी' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रसायन किंवा मेम्ब्रेन बनविणारी कंपनी आपल्या मालाची वॉरंटी देते. माल सदोष निघाल्यास ती सहसा माल बदलून देते, मजुरी मात्र देत नाही. गच्चीचा उतार चुकला, कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा नीट भरला नाही किंवा पाइपाभोवतीची फट तशीच राहिली, तर तो कारागिरीचा दोष ठरतो आणि त्याची हमी ठेकेदारानेच द्यावी लागते. गळती बहुधा अशाच सांध्यांतून सुरू होते. कंपनीचे छापील प्रमाणपत्र हाती आले म्हणून निर्धास्त होणारा घरमालक नेमका येथेच फसतो. करारात दोन्ही हम्या वेगळ्या हव्यात. कारागिरीच्या हमीत तक्रार आल्यापासून किती दिवसांत ठेकेदार येणार, दुरुस्तीचा माल व मजुरी कोणाची आणि खालच्या खोलीतील रंग वा पीओपी खराब झाल्यास भरपाई कोण देणार, हे स्पष्ट असावे. करारभंगातून स्वाभाविकपणे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क करार कायद्याचे कलम ७३ देते. मात्र 'फक्त पुन्हा कोटिंग मारून देऊ' एवढ्यावर सही केली असेल, तर वादाला तोंड फुटते.

हमीतून काय वगळले आहे, ते तर डोळ्यांत तेल घालून वाचावे. 'नैसर्गिक आपत्ती' वगळणे समजण्यासारखे आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी घरांत शिरले, त्याचा दोष गच्ची करणाऱ्याला देता येणार नाही. परंतु काही करारांत 'अतिवृष्टी'ही वगळलेली असते. महसूल खाते २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी मानते. गगनबावडा, राधानगरीकडे असे दिवस पावसाळ्यात वारंवार येतात. शहरालाही ते नवे नाहीत. ज्या दिवसांसाठी वॉटरप्रूफिंग करायचे, तेच दिवस हमीतून वगळणारा हा शब्द सही करण्यापूर्वीच खोडून घ्यावा.

'पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करू' हे वाक्यही असेच फसवे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मेच्या अखेरच्या आठवड्यातच राज्यात दाखल झाला. करारात तारीखच हवी, आणि शक्यतो ती मार्च-एप्रिलमधील. ओल्या स्लॅबवर चिकटविलेले मेम्ब्रेन फुगते, हे ठेकेदारालाही ठाऊक असते. पण घाईच्या मोसमात वळवाच्या दुसऱ्या दिवशी काम उरकण्याचा मोह होतोच. विलंबासाठी दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापण्याची अट घालता येते. मात्र ती वाजवी असावी, कारण कलम ७४ नुसार नमूद रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

पैसे एकदम देऊ नयेत

कागदावरील हमीपेक्षा हातात राखलेली रक्कम अधिक उपयोगी पडते. समजा, काम दीड लाखाचे आहे. जुना कोबा काढल्यावर, नवा थर झाल्यावर आणि पाणी साठवून चाचणी घेतल्यावर असे हप्ते पाडावेत आणि दहा टक्के, म्हणजे पंधरा हजार रुपये, पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावेत. पाण्याची चाचणी म्हणजे पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर साधारण दोन-तीन दिवस पाणी साठविणे व खालून छत तपासणे. ती किती तास घ्यायची आणि पाण्याचा टँकर कोणी आणायचा, हेही लिहिलेले बरे. मोजमापाचेही तसेच. कठड्यावर चढविलेला थर चौरस फुटांत धरणार की वेगळा, राडारोडा कोण उचलणार, जीएसटी दरात धरला आहे की वर, यावरून शेवटच्या बिलात हमखास खटके उडतात.

उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून पांढरे उष्णतारोधक कोटिंग मारण्याची प्रथा वाढली आहे. ते वॉटरप्रूफिंग नव्हे. दोन्ही कामे एकाच कोटेशनमध्ये असतील, तर दर व हमी वेगवेगळी मागावी. 'घर इतके अंश थंड होईल' असे सांगितले जाते, तेव्हा तापमान कोठे, कोणत्या वेळी मोजणार, तेही नमूद करून घ्यावे. सोलर हीटर किंवा सौर पॅनेल बसवायचे असतील, तर ते आधी बसवावेत. नंतर स्लॅबला पाडलेल्या भोकांकडे बोट दाखवून ठेकेदार हमीतून मोकळा होतो.

इमारत नवी असेल, तर खर्चापूर्वी बिल्डरला लेखी नोटीस द्यावी. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यायची असते. आपणच ठेकेदार आणून गच्ची उकरली, तर मूळ दोषाचा पुरावा नाहीसा होतो. सोसायटीची गच्ची सामाईक असल्याने करार सोसायटीच्या नावे असावा. आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, केवळ वरच्या मजल्यावरील सदस्याचा नव्हे.

वाद झालाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ठेकेदार परगावचा असला, तरी तक्रारदार जेथे राहतो, तेथील आयोग चालतो. कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. 'येतो, बघतो' अशा फोनवरील आश्वासनांत दोन पावसाळे सहज निघून जातात आणि मुदत संपत येते. म्हणून पहिली गळती दिसताच तारखेसह छायाचित्रे काढून ठेकेदाराला रजिस्टर पत्र पाठवावे. तक्रारीबरोबर करार, पैसे दिल्याच्या पावत्या, हे पत्र व त्याची पोच जोडावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.