फाइलचे गुणधर्म आणि तारखा: त्या कशा बदलतात आणि त्यांवर किती विसंबावे

विंडोजमध्ये कोणत्याही फाइलवर माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा. क्रिएटेड, मॉडिफाइड आणि ॲक्सेस्ड अशा तीन तारखा दिसतील आणि खाली रीड-ओन्ली व हिडन अशा दोन चौकटी. प्रकल्प मुदतीआधी पूर्ण झाला होता का, किंवा दोघांपैकी मूळ प्रोग्राम कुणाचा, असा वाद निघाला की विद्यार्थी याच खिडकीचा स्क्रीनशॉट पुढे करतात. या तारखा कुठे लिहिलेल्या असतात, त्या कशा बदलता येतात आणि कुणी लबाडी केली नसतानाही त्या विचित्र का दिसतात, हे या टिपणात पाहू.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या: या तारखा फाइलच्या मजकुरात नसतात. त्या फाइल सिस्टिमच्या नोंदवहीत असतात. जुन्या पण पेनड्राइव्हवर अजूनही भेटणाऱ्या एफएटी पद्धतीत प्रत्येक फाइलमागे ३२ बाइटची एक नोंद असते. तिच्यात नाव, आकार, तारखा आणि गुणधर्मांसाठी एक बाइट. त्या एका बाइटमधला एक बिट रीड-ओन्ली, एक हिडन, एक सिस्टिम आणि एक आर्काइव्ह सांगतो. आर्काइव्ह म्हणजे ‘मागच्या बॅकअपनंतर ही फाइल बदलली आहे’ अशी खूण.

तारीख १६ बिटांत बसवलेली असते: वर्षाला ७, महिन्याला ४, दिवसाला ५. वर्ष १९८० पासून मोजतात. १५ ऑगस्ट २०२३ घ्या. २०२३ वजा १९८० म्हणजे ४३, बायनरीत ०१०१०११. महिना ८ म्हणजे १०००. दिवस १५ म्हणजे ०११११. तिन्ही जोडा: ०१०१०१११००००११११. पूर्ण तारीख दोन बाइटांत मावली. सात बिटांत कमाल १२७ मावतात, म्हणून ही दिनदर्शिका २१०७ साली संपते. वेळेलाही १६ बिटच आहेत. तास आणि मिनिटे घेतल्यावर सेकंदांना पाचच बिट उरतात, म्हणून सेकंद दोन-दोनच्या टप्प्यांनी नोंदवले जातात. पाच बिटांत ३१ पर्यंत आकडा लिहिता येतो, म्हणजे कागदोपत्री ६२ वा सेकंदही शक्य होतो. डॉसच्या काळातला व्हिएन्ना नावाचा व्हायरस नेमके हेच करायचा. लागण झालेल्या फाइलवर ६२ सेकंदांची खूण ठेवायचा, म्हणजे तीच फाइल पुन्हा धरायला नको. डायरेक्टरीच्या यादीत सेकंद दिसत नसल्याने वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

आता गुणधर्म बदलणे. कमांड प्रॉम्प्टवर ॲट्रिब हा आदेश, अधिक चिन्हासह आर आणि फाइलचे नाव दिले की फाइल रीड-ओन्ली होते; उणे चिन्ह दिले की ती खूण निघते. एच म्हणजे हिडन, एस म्हणजे सिस्टिम. याला सुरक्षा समजू नका. जो खूण लावू शकतो तो सहसा काढूही शकतो. खरे नियंत्रण एनटीएफएसच्या परवानग्यांत असते. लिनक्समध्ये तर हिडन हा बिटच नाही. नावाची सुरुवात टिंबाने झाली की साध्या यादीत फाइल दिसत नाही, एवढेच. तिथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना चकवते. फाइलवर लिहिण्याची परवानगी नसली तरी ती पुसता येते, कारण पुसणे हा डायरेक्टरीतला बदल आहे आणि त्यासाठी डायरेक्टरीची परवानगी लागते.

तारीख बदलायला लिनक्समध्ये टच हा आदेश आहे. नुसते टच आणि फाइलचे नाव दिले की आत्ताची वेळ लागते. उणे डी या पर्यायासोबत हवी ती तारीख देता येते आणि उणे आर दिल्यास दुसऱ्या फाइलची तारीख उचलता येते. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या गेट-आयटमने फाइल घेऊन तिच्या लास्ट-राइट-टाइमला नवी किंमत दिली की काम झाले. यात हॅकिंग काही नाही. मेक हे साधन कोणता भाग पुन्हा कंपाइल करायचा हे सोर्स आणि ऑब्जेक्ट फाइलच्या तारखांची तुलना करूनच ठरवते, त्यामुळे टच वापरून एखादा भाग मुद्दाम पुन्हा बांधून घेणे हा रोजचा व्यवहार आहे. बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलला जुनी तारीख द्यायलाही हीच सोय लागते.

मग कुणी अहवालाला मागची तारीख लावली तर ते कळते का? पुष्कळदा कळते. लिनक्समध्ये स्टॅट आदेश चालवून पाहा. ए-टाइम म्हणजे शेवटचे वाचन, एम-टाइम म्हणजे मजकुरातला शेवटचा बदल आणि सी-टाइम म्हणजे नोंदीतला शेवटचा बदल. सी म्हणजे क्रिएशन नव्हे, चेंज. परीक्षेत ही चूक दरवर्षी होते. टच पहिल्या दोन वेळा बदलतो, पण तो बदल केल्याची वेळ कर्नल सी-टाइममध्ये लिहितो. एम-टाइम जानेवारीचा आणि सी-टाइम काल रात्रीचा, असे दिसले तर प्रश्न विचारायला जागा आहे. प्रश्नच, निकाल नव्हे: परवानगी बदलली किंवा नाव बदलले तरी सी-टाइम पुढे जातो. एनटीएफएसमध्ये एका फाइलच्या तारखा दोन ठिकाणी असतात. प्रॉपर्टीजमध्ये दिसतो तो एक संच, दुसरा नावाच्या नोंदीसोबत. नेहमीची साधने पहिलाच संच बदलतात, म्हणून तपासणारे दोन्ही जुळवून पाहतात.

आता निरपराध माणसाला अडकवणारे प्रकार पाहा. विंडोजमध्ये फाइल पेनड्राइव्हवरून कॉपी केली की नव्या प्रतीची क्रिएटेड तारीख आजची होते, मॉडिफाइड मात्र जुनीच राहते. फाइल निर्माण होण्याआधीच बदलली, असे दृश्य दिसते. हा खोटेपणा नाही. ‘ही प्रत इथे केव्हा आली’ एवढेच क्रिएटेड सांगते. उलटही घडते. एखादी फाइल पुसून त्याच नावाची नवी फाइल १५ सेकंदांच्या आत केली, तर विंडोज तिला जुन्या फाइलची क्रिएटेड तारीख देते. अनेक एडिटर सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून नाव बदलतात, त्यांच्यासाठी ही सोय ठेवली आहे.

वेळेच्या पट्ट्याचे तर वेगळेच. एनटीएफएस आणि लिनक्स आतून यूटीसी वेळ ठेवतात: पहिली १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत, दुसरी १ जानेवारी १९७० पासून. एफएटी स्थानिक वेळ लिहिते, पण कुठली स्थानिक ते लिहीत नाही. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल तर रात्री ११:५५ ला दिलेले काम यादीत संध्याकाळी ६:२५ चे दिसते, आणि मध्यरात्रीची मुदत चुकवून पहाटे २ ला दिलेले काम आदल्या रात्री ८:३० चे. साडेपाच तासांचा हिशेब केल्याखेरीज कुणावर ठपका ठेवू नका. त्यातून लॅबमधल्या ज्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे, त्याचे घड्याळ कुठलेही साल दाखवेल.

ॲक्सेस्ड तारखेवर तर मुळीच विसंबू नये. २००९ पासून लिनक्स कर्नलची नेहमीची पद्धत अशी की ती प्रत्येक वाचनाला बदलत नाही. आधीची नोंद बदलाच्या वेळेहून जुनी असेल किंवा तिला २४ तास उलटले असतील तरच बदलते.

तुमचे काम तुमचेच आणि वेळेतले आहे हे दाखवायचे असेल, तर आधार मजकुराचा हवा. शा-२५६ सारखा हॅश फाइलच्या आतल्या बाइटांवरून निघतो. करून पाहा: हॅश काढा, टचने तारीख १९९५ ची करा, पुन्हा हॅश काढा. तोच येईल. मजकुरात एक स्वल्पविराम वाढवा, हॅश पूर्ण बदलेल. हा फरक आपल्या कायद्यातही उतरला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश नोंदवायला जागा आहे.

मात्र हॅश ‘काय’ ते सांगतो, ‘केव्हा’ ते नाही. त्यासाठी ज्याचे घड्याळ तुमच्या हातात नाही असा कुणी तिसरा लागतो. गिटमधल्या कमिटची तारीखही लिहिणाऱ्याला हवी ती देता येते. कमिट दूरच्या सर्व्हरवर ज्या वेळी पोचले ती सर्व्हरची नोंद मात्र त्याला बदलता येत नाही. म्हणून काम रोज पुश करा. गिट वापरत नसाल तर अहवालाचा हॅश त्याच दिवशी आपल्या मार्गदर्शकांना ईमेलने पाठवा आणि ज्या फाइलचा हॅश पाठवला ती जशीच्या तशी जपून ठेवा. पुढची दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करा. मूळ फाइल उघडून नुसती पुन्हा सेव्ह केली तरी वर्डसारखा प्रोग्राम आतली नोंद बदलतो आणि पाठवलेला हॅश तिच्याशी जुळत नाही.