दोन शांतिसेना

१९८७ च्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘शांतिसेना’ हा शब्द रोज दिसू लागला, तेव्हा वर्धा जिल्ह्याला तो नवा नव्हता. इथे तो विनोबा भावेंचा शब्द. १९५७ साली केरळच्या पदयात्रेत त्यांनी शांतिसेना उभी केली. दंगल पेटली की रिकाम्या हातांनी मध्ये जाऊन उभं राहायचं, वेळ आली तर मरायचं, पण मारायचं नाही. १५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांनी वर्ध्याजवळच्या पवनारला देह ठेवला. त्याला पाच वर्षंही झाली नव्हती, आणि तोच शब्द श्रीलंकेत जाफन्याला निघालेल्या भारतीय पलटणींना लागला.

राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार २९ जुलै १९८७ चा. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि भारतीय सैन्याने त्यावर देखरेख करायची, असं ठरलं होतं. दोन-अडीच महिन्यांत सगळं उलटलं. ज्यांच्या रक्षणासाठी जवान गेले, त्यांच्यातलेच लिट्टे या बंडखोर संघटनेचे लोक त्यांच्यावर गोळ्या झाडू लागले. ऑक्टोबरात एका रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फन्ट्रीची तीस जणांची तुकडी उतरली. त्यातला एकच जिवंत राहिला, तोही कैदेत. तिथून पुढे ‘शांतिसेना’ हे नाव फक्त कागदावर उरलं.

या सैन्यात महार रेजिमेंटची ८ महार ही पलटण होती आणि तिच्यात मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. जन्म १३ सप्टेंबर १९४६, मुंबईचा. घरची भाषा तमिळ, शाळा-कॉलेज मुंबईतच. १९७२ साली ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती त्यांची भाषा. त्या बेटावरच्या म्हाताऱ्या बाईने दारातून केलेली विनवणी त्यांना दुभाष्याशिवाय कळत असणार. अंधारातून येणाऱ्या शिव्यासुद्धा. शत्रू आईच्या भाषेत बोलतो, तेव्हा बंदूक किती जड होत असेल?

२५ नोव्हेंबर १९८७. शोधमोहीम आटोपून तुकडी रात्री उशिरा परतत होती. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी तिच्यावर हल्ला चढवला. परमेश्वरन यांनी डोकं शांत ठेवलं. समोरून झुंजण्याऐवजी वळसा घालून ते हल्लेखोरांच्या पाठीमागे गेले आणि थेट त्यांच्यात घुसले. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला मारलं, आणि तशा अवस्थेतही प्राण जाईपर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच बंडखोर ठार झाले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले. मेजरसाहेबांचं वय ४१. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. महार रेजिमेंटला मिळालेलं हे एकमेव परमवीरचक्र.

या रेजिमेंटची गोष्ट मला पुन्हा वर्ध्याकडे आणते. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, ती बेळगावात उभी राहिली. महारांची पलटण पहिल्या महायुद्धानंतर मोडली गेली होती, ती पुन्हा उभी व्हावी यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केला होता. त्यांच्या लेखी सैन्याची वर्दी म्हणजे नाकारलेला मान परत मिळवण्याचा मार्ग. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १७ ऑक्टोबर १९४० ला, पवनारला विनोबांनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केलं होतं. इंग्रजांच्या या लढाईला माणसं देऊ नका, पैसे देऊ नका. चारच दिवसांत त्यांना अटक झाली. आमच्या जिल्ह्यात गांधीजींचं सेवाग्राम आहे आणि पुलगावचा दारूगोळा डेपोही आहे. परमुलखात पडलेल्या सैनिकाची आठवण काढताना ही दोन्ही टोकं माझ्या मनात एकदम येतात. विनोबांचं म्हणणं मला पटतं. आणि बाबासाहेबांना नाही म्हणण्याची माझी छाती नाही.

श्रीलंकेतल्या शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे बाराशे जण परत आले नाहीत. मद्रास बंदरावर परतलेल्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. राजकारणाची त्यांची कारणं असतील. पण जवानाने काय केलं होतं? तो हुकमावरून गेला, हुकमावरून परतला. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक झालं २०१९ साली. त्याच्या कितीतरी आधी श्रीलंकेत, कोलंबोजवळ संसदेच्या परिसरात, या मृतांच्या नावांचं स्मारक उभं राहिलं होतं. जिथे ते नकोसे झाले होते, तिथेच त्यांची नावं आधी दगडावर कोरली गेली. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला परमेश्वरन यांचं नाव दिलं गेलं.

पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला गाझातल्या राफाहून बातमी आली, आणि ती वर्ध्यापासून तासा-दीड तासावरच्या नागपूरच्या घरातली निघाली. कर्नल वैभव अनिल काळे, वय ४६. ११ जम्मू-काश्मीर रायफल्समधून २०२२ साली त्यांनी सैन्य सोडलं होतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात ते नव्याने रुजू झाले होते. युरोपियन हॉस्पिटलकडे जाणाऱ्या त्यांच्या गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण ठळक होती, तरी ती लक्ष्य झाली. सोबतची सहकारी जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या त्या युद्धात गाझात मारला गेलेला संयुक्त राष्ट्रांचा हा पहिला परदेशी कर्मचारी. ते तिथे लढायला गेले नव्हते. इतरांना सुरक्षित नेणं-आणणं हेच त्यांचं काम. हे वाचलं तेव्हा विनोबांची शांतिसेनेची व्याख्या मला पुन्हा आठवली: मध्ये जाऊन उभं राहायचं.

पवनारला दरवर्षी १५ नोव्हेंबरपासून मित्रमिलन भरतं. धाम नदीच्या काठावर देशभरातून माणसं येतात, तीन दिवस सोबत राहतात आणि परततात. त्यानंतर आठवड्याभराने परमेश्वरन यांची २५ तारीख येते. त्या रात्री मी जाफन्याकडे तोंड करून क्षणभर उभा राहतो.