कागदावरचं कार्यालय

आपल्या बचत गटाचं कार्यालय कुठं, असं कुणी विचारलं तर आपण अध्यक्षाची ओसरी दाखवतो, नाहीतर समाजमंदिर. ॲपल या अमेरिकी मोबाइल कंपनीच्या आयर्लंडमधल्या उपकंपनीला तेवढंही दाखवता आलं नसतं. तिचं मुख्य कार्यालय नुसतं कागदावर होतं. ना खोली, ना कर्मचारी.

फोन जर्मनीत विकला काय नि फ्रान्समध्ये काय, विक्री आयर्लंडच्या नावावर पडायची. मग बहुतेक नफा त्या कागदी कार्यालयाचा म्हणून दाखवायचा. ते कुठल्याच देशात नाही, म्हणून कर कुठंच नाही! आयर्लंडचा कंपनीकर तेव्हा शंभराला साडेबारा होता. पण २०१४ साली या उपकंपनीला पडला दहा लाख युरो नफ्यामागे ५० युरो. मोबाइलच्या रिचार्जवर आपण शंभराला अठरा जीएसटी भरतो. तो कर वेगळ्या जातीचा, हे खरं. पण तो चुकवायला आपल्याकडे आयर्लंड नाही.

असा साठलेला पैसा अमेरिकेत नेला तर तिथं कर लागणार. म्हणून तिजोरी भरलेली असताना ॲपलनं २०१३ मध्ये १,७०० कोटी डॉलरचं कर्ज काढलं. कशाला? भागधारकांना वाटायला. त्यातला एक मार्ग म्हणजे बायबॅक, कंपनीनं स्वतःचेच शेअर परत विकत घेणं. समजा दहा जणींचे सारखे वाटे आहेत आणि नफा हजार रुपये. प्रत्येकीला शंभर. दोघींचे वाटे धंद्याच्याच पैशातून विकत घेऊन रद्द केले, की उरलेल्या आठ जणींना सव्वाशे. धंदा वाढला नाही, वाटा वाढला. २०२४ मध्ये ॲपलनं ११,००० कोटी डॉलरपर्यंतचं बायबॅक जाहीर केलं. हे कायदेशीर आहे. अमेरिकेत २०२३ पासून त्यावर शंभराला एक इतका कर आहे.

कंपन्यांचा कर बुडाला की शाळा-दवाखान्याचा खर्च बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर त्याला कात्री लावायची. २०१६ मध्ये युरोपीय आयोगानं आयर्लंडला सांगितलं, ॲपलकडून १,३०० कोटी युरो वसूल करा. आयर्लंड म्हणालं, नको! कंपन्या निघून गेल्या तर रोजगार जाईल, ही धास्ती. सरकार आणि कंपनी दोघंही कोर्टात गेले, २०२० मध्ये जिंकलेही. पण १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि आयर्लंडला नको म्हटलेले पैसे घ्यावे लागले.