एकच व्होल्ट, दोन आवाज

यवतमाळच्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावले, तर पुसद, उमरखेड, घाटंजीकडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुले-मुली वहीत डोके घालून बसलेली दिसतात आणि त्यातल्या कित्येकांच्या कानात वायर असते. व्याख्यान मोबाइलवर, उजळणी मोबाइलवर आणि कंटाळा आला की गाणीही मोबाइलवरच. नव्या मोबाइलला हेडफोनचे गोल छिद्र बहुधा नसते, म्हणून चार्जिंगच्या सॉकेटला लावायचे बोटभर डोंगल घ्यावे लागते. ऐकण्याची गोडी लागली की पुढची पायरी येते: भारीतला हेडफोन, वेगळा 'डॅक', वेगळा ॲम्प्लिफायर. इथे एक समजूत ग्राहकाच्या खिशाला आणि कानाला, दोघांनाही महागात पडते. ती म्हणजे, जितकी जास्त पॉवर तितका चांगला आवाज.

डॅक आणि ॲम्प्लिफायर ही दोन वेगळी कामे आहेत. बोटभर डोंगलमध्ये ती एकत्र बसवलेली असतात एवढेच. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा भाग. ॲम्प्लिफायर त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. आपल्यापुढे कोणता हेडफोन जोडला आहे, हे डॅकला ठाऊक नसते आणि त्याला त्याचे सोयरसुतकही नसते. त्यामुळे 'या हेडफोनला हाच डॅक जुळतो' या सल्ल्यात फारसा अर्थ नाही. साध्या सीडीच्या १६ बिटांतही सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. घरातल्या शांत खोलीतही पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही असतोच. त्या गोंगाटाच्या वर एवढे अंतर कानाला पुरून उरते. खोक्यावर '३२ बिट' छापले म्हणून कान बदलत नाही. जुळवायचे असते ते ॲम्प्लिफायर आणि हेडफोनचे.

त्यासाठी हेडफोनच्या माहितीपत्रकातले दोन आकडे पुरतात. पहिला ओहममधला, म्हणजे इम्पिडन्स किंवा अवरोध. दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक वीज दिली की हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो. गोंधळ असा की काही कंपन्या हा दुसरा आकडा एका व्होल्टाला देतात, तर काही एका मिलिवॅटला, आणि ग्राहक दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतो. मिलिवॅटचा आकडा व्होल्टात आणायचा असेल, तर १६ ओहमच्या इअरफोनला १८ मिळवावेत, ३२ ओहमला १५, ८० ओहमला ११ आणि २५० ओहमला ६. मग तुलना बरोबरीची होते.

आता एक व्होल्ट देणारे साधे डोंगल घेऊ. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा, आजही नावाजला जाणारा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका व्होल्टाला ९७ डेसिबल देतो. त्याच डोंगलला १६ ओहमचा, मिलिवॅटला १०५ डेसिबल देणारा इअरफोन लावला, तर कागदावर आकडा येतो १२३ डेसिबल. डोंगल तेच, व्होल्ट तोच, फरक २६ डेसिबलचा.

हे आकडे आवाज पूर्ण वाढवल्यावरचे, म्हणजे टोकाचे. गाण्याची सरासरी पातळी त्याहून साधारण १० ते २० डेसिबल खाली असते. त्या हिशेबाने, चालवायला अवघड म्हणून गाजलेला एचडी ६०० एका व्होल्टावर सरासरी ८० डेसिबलच्या आसपास वाजतो. बहुतेकांना तेवढे पुरते. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात आलापी फार मंद असते आणि सम येते तेव्हा तबला उसळतो. अशा वेळी थोडा जोर हाताशी हवा असेल, तर दोन व्होल्टांचे डोंगल घ्यावे, आणखी ६ डेसिबल मिळतात. टेबलावर ठेवायच्या वजनदार ॲम्प्लिफायरची गरज इथे बहुतेक वेळा फक्त हौसेची असते. हौसेला मोल नसते हे खरे, पण ती हौस आहे हे ठाऊक असावे.

खरी गरज कुठे पडते? हायफायमनचा एचई-६ हा प्लॅनर जातीचा हेडफोन पाहावा. त्याचा अवरोध अवघा ५० ओहम, पण संवेदनशीलता मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० डेसिबलच्या टोकापर्यंत जायला एचडी ६०० ला साडेचार व्होल्ट लागतात, एचई-६ लाही जवळपास तेवढेच. प्रवाह मात्र पहिल्याला १५ मिलिअँपिअर आणि दुसऱ्याला ९४, म्हणजे सहापटीहून जास्त. विहिरीवर मोटर बसवणाऱ्याला हे पटकन उमगेल. बारीक पाइपातून पाणी ढकलायला दाब हवा, पण पाणी थोडेच जाते. रुंद पाइपाला तोच दाब टिकवून पाणीही भरपूर लागते. ३०० ओहम हा बारीक पाइप. तेव्हा 'ओहम कमी म्हणजे मोबाइलवर सहज चालणार' हा नियम सरसकट लावता येत नाही. संवेदनशीलतेचा आकडा पाहिल्याशिवाय ओहमचा आकडा अर्धवट आहे.

आणखी एक आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो: ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध. तो हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. काही इअरफोनचा अवरोध सुरागणिक बदलतो, खर्जात ४० ओहम तर वरच्या पट्टीत १०. अशा इअरफोनला १० ओहमचा ॲम्प्लिफायर जोडला, तर या दोन ठिकाणच्या आवाजात ४ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे गाण्याचा रंगच बदलतो. एक ओहमचा ॲम्प्लिफायर असेल तर हाच फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलवर येतो. 'हा ॲम्प्लिफायर उबदार, तो कोरडा' अशा गप्पांमागे पुष्कळदा हे साधे गणित असते. उलट, नाजूक इअरफोनला दांडगा ॲम्प्लिफायर लावला की गाणे थांबल्यावरही बारीक सूं-सूं ऐकू येते, आणि आवाजाची कळ जराशी फिरवताच आवाज एकदम अंगावर येतो.

इथून पुढचा विषय कानाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास उरतात, १०० ला जेमतेम २० मिनिटे. वरचा १६ ओहमचा इअरफोन एका व्होल्टावर पूर्ण आवाजात लावला आणि सरासरी १०८ डेसिबल धरली, तर आठवड्याचा सगळा कोटा चार मिनिटांच्या आत, म्हणजे एका गाण्यात संपतो. संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातल्या शंभर कोटींहून अधिक जणांच्या श्रवणाला अशा ऐकण्यामुळे धोका आहे.

कान हा हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीनंतर जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम लागतो. वणी परिसरात कोळसा खाणी आहेत. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. जो कामगार त्या मर्यादेजवळच्या गोंगाटात दिवस काढतो, त्याच्या कानाकडे संध्याकाळच्या गाण्यांसाठी शिल्लक काहीच नसते. एसटीत इंजिनाजवळच्या बाकावर बसून वणी ते यवतमाळ प्रवास करणारा विद्यार्थी इंजिनावर मात करायला आवाज वाढवतो आणि उतरल्यावर तो कमी करायला विसरतो. अशांना जास्त जोराचा ॲम्प्लिफायर नको, कानात घट्ट बसून बाहेरचा आवाज अडवणारा इअरफोन हवा. बाहेरचा गोंगाट जितका अडेल, तितका आतला आवाज कमी ठेवता येतो.

मोबाइल 'आवाज फार आहे' अशी सूचना देतो, मग काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांच्या २०१९ च्या मानकात उपकरणाने आठवड्याभराच्या ऐकण्याची मात्रा मोजावी, असे सांगितले आहे आणि ते चांगलेच आहे. पण मोबाइलला ही मोजणी करायची तर पुढचा इअरफोन किती संवेदनशील आहे हे कळायला हवे. वायरने जोडलेल्या अनोळखी इअरफोनबाबत तो फक्त अंदाज करतो. मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर आला आणि आवाज त्याच्या कळीवर वाढवला, तर तो अंदाजही कोलमडतो. मोबाइलच्या पडद्यावर सगळे हिरवेगार असते आणि कानावर दुप्पट-चौपट जोर पडत असतो. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये डॅक आणि ॲम्प्लिफायर कारखान्यातच जुळवून आत बसवलेले असतात. तिथे जुळणीचा प्रश्न नाही, आवाजाच्या मर्यादेचा आहेच.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारे नुकसान बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात आधी दिसते. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच वरच्या पट्टीवर फार अवलंबून असते. त्यामुळे माणसाला ऐकू तर येते, पण 'सात' म्हटले की 'हात' ऐकल्यासारखे वाटते, आणि तो समोरच्यालाच नीट बोलायला सांगतो. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजणे किंवा आवाज दबल्यासारखे वाटणे, ही त्याआधीची खूण. ती पुन्हा पुन्हा होत असेल, तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन श्रवणचाचणीबद्दल विचारावे.

नवा हेडफोन घेतल्यावर आधी जवळच्या मोबाइलवर किंवा डोंगलवरच ऐकून पाहावा. आवाजाची पट्टी निम्म्या-पाऊण भागात असताना पुरेसे ऐकू येत असेल, तर ॲम्प्लिफायरचे पैसे वाचले. पट्टी पूर्ण सरकवूनही मंदच वाटत असेल, तर संवेदनशीलतेचा आकडा काढून हिशेब करावा आणि मग दुकान गाठावे. एकाच डोंगलवर आलटून पालटून दोन हेडफोन वापरणाऱ्यांनी वायर बदलण्यापूर्वी आवाज शून्यावर आणावा, नवा हेडफोन कानाला लावावा आणि तळापासून हळूहळू वाढवावा. एचडी ६०० साठी लावलेली पट्टी तशीच ठेवून नाजूक इअरफोन कानात घातला, तर २६ डेसिबलचा तो फरक एका झटक्यात पडद्यावर आदळतो.